अळंबी कोणाकडची

नाही नाही, त्याला हात नका लावू — म्हणजे पुसायचंच आहे ते, चुना काढूनच देणार आहे मी खोली, तुम्ही हो म्हणालात की लगेच माणूस बोलावते — पण आत्ता नको, गेरू बोटांना लागतो आणि तुम्ही खाली उतरलात की हे आधी तुमची बोटं बघतील. खाली पेपर घेऊन बसले होते ना, तेच हे. बोलले का काही तुमच्याशी? नसतीलच. भाडेकरू हा शब्द काढल्यापासून माझ्याशीही बोलत नाहीत, तुमचं काय घेऊन बसलात. — बसा ना कॉटवर, छत्री राहू दे दाराशी. गुरुजींनी सगळं सांगितलंय मला. अपूर्व नाव, मूळचे वाईचे, तळोज्याच्या कारखान्यात लागलात, लग्न व्हायचंय, आणि शुद्ध शाकाहारी. मला एवढंच हवं होतं. खोलीत नाव ठेवायला जागा नाही. जिना बाहेरून, पंखा चालू, आणि पाऊस नसला की त्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आज नाही दिसायचा.

काय काढलंय म्हणता? झाड. — तसलं झाड नव्हे हो, वंशवृक्ष. आमच्या घराण्याचा नाही, आमच्या घराण्याला एवढी भिंत कशाला लागतेय. सगळ्यांचा आहे. तुमचा, माझा, पालीचा, शेवाळाचा. हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, रिटायर झाले, आणि रिटायर झालेल्या माणसाला रिकामी भिंत सापडली की हे असं होतं. तिकडे खिडकीपाशी बघा, गवत, केळ, तुळस — ती सगळी झाडांची फांदी. आणि ही इकडे दाराजवळची, ही आपली. हा माणूस — ह्यांना माणूस काढता येत नाही, तो बेडूक वाटतो ते सोडा — हा मासा, ही कोळंबी, ही गोगलगाय. आणि त्याच फांदीला बेचकं फुटून, अगदी आपल्या शेजारी, ती उघडी छत्री दिसते ना? ती अळंबी. गुरुदत्त आठल्ये यांच्या मते अळंबी तुळशीकडची नाही, आपल्याकडची आहे. नाव घेतलं बघा मी ह्यांचं, उखाण्याशिवाय. रागात निघतं.

आता मला सांगा, कोणाला पटेल? मातीतून उगवते, जागची हलत नाही, बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत मिळते. ह्यांनी स्वतः आयुष्यभर तिला वनस्पतिशास्त्रातच शिकवलं. मधे पुस्तकांनी तिचं वेगळं बिऱ्हाड मांडलं होतं, पण कॉलेजात वाटणी जुनीच — अमिबा प्राणिशास्त्रवाल्यांच्या कपाटात, बुरशी ह्यांच्या कपाटात. आणि मग रिटायर झाल्यावर ह्यांचा एक विद्यार्थी आहे अवधूत म्हणून, अमेरिकेत असतो, तो मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स पाठवतो — इतर लोकांची मुलं घड्याळं पाठवतात — त्यात आलं हे. पेशीच्या आत काहीतरी मजकूर असतो म्हणे, तो कोणी अक्षर अक्षर जुळवून पाहिला, झाडांचा, प्राण्यांचा, बुरशीचा, आणि निघालं की बुरशी आणि प्राणी सख्खे शेजारी, झाडं कुठल्या कुठे लांब. हे इतके खट्टू झाले तेव्हा. ताट तसंच ठेवून उठले. आयुष्यभर जिला आपली म्हणून शिकवलं ती दुसऱ्याच्या घरची निघाली, असं म्हणाले. मी म्हटलं, असतं असं. मला त्याचा अनुभव होता.

नाही, चहा ठेवते नंतर. आधी ऐका, म्हणजे तुम्हाला घर कळेल. मग खट्टूपण गेलं आणि उत्साह आला, तो जास्त वाईट. वडाळे तळ्याचं पाणी घरात यायला लागलं, माझ्या मुरंब्याच्या बरणीत. दुर्बिणीखाली — सूक्ष्मदर्शक म्हणायचं, चुकले — त्यात एवढासा एकच पेशीचा जीव, त्याला कॉलर असते, शर्टाला असते तशी, आणि मधून एक शेपूट. हा काढलाय बघा, माणसाच्या आणि अळंबीच्या मधे. हा आपला सगळ्यात जवळचा, चुलतभाऊ समजा. अळंबी त्याच्या पलीकडची, म्हणजे मावसबहीण. आणि शेपटीवरून घराणं ओळखायचं. ज्यांची पोहणारी पेशी एकच शेपूट मागे ठेवून स्वतःला पुढे ढकलते, ते आपल्याकडचे. तळ्यातल्या बुरशीचंही तसंच. पलीकडच्यांची शेपटं पुढे, ती ओढत नेतात. ह्याचं एक घरगुती उदाहरण आहे, ते ह्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचं लग्न व्हायचंय. आणि हा स्विचच्या खाली जो ओघळ वाटतो तो ओघळ नाही, अमिबा. तो गेरूने नाही, खडूने काढलाय, आणि फांदीही तुटक, कारण त्याचं अजून नक्की नाही. आपल्याच बाजूचा असावा, पण लांबचा, असं हे म्हणतात. पुरावा आला की गेरू लावणार आहेत. म्हणजे अमिबाला घरात घ्यायचं तर पुराव्याची वाट बघतात, एवढे काटेकोर. घरातल्या गोष्टीत मात्र हे काटेकोरपण नाही. तिथे मला विचारायलाही थांबले नाहीत.

कशाबद्दल म्हणजे — मुलाबद्दल. ही खोली सत्यजीतची ना. माझा एकुलता. न्हावा-शेव्याच्या बंदरावर ऑफिसात आहे. तिथेच ही मुलगी, कोमल, त्याच्याच ऑफिसात. उरणकडची. अलिबागला जाऊन रजिस्टर लग्न केलं आणि संध्याकाळी पेढे घेऊन दारात, आणि हे मला न विचारताच ‘या आत’ म्हणून मोकळे. मी पेढे घेतले. कोणी म्हणायला नको. पण राहायचं म्हणाल तर हे असं घर, सोवळं नसलं तरी स्वयंपाकघर आजवर शुद्ध, ते तसंच राहणार, एवढं मी उंबऱ्यातच सांगितलं. त्याने उरणला जागा घेतली. — कोण म्हणजे? कोळी. वडिलांची बोट आहे, कमळाकर नाव त्यांचं. आई नाही, लहानपणीच गेली, आजीने वाढवलं, गंगाबाई. — पाय कशाला वर घेतलेत तुम्ही? खाली काही नाही, झुरळ वगैरे नसतं आमच्याकडे.

तर मागचा श्रावण. पहिल्यांदा जेवायला यायची होती ती. मी म्हटलं होतं ह्यांना, बोलवा, मला काही तिचं वैर नाही. आणि आली ती हातात पुडा घेऊन, सागाच्या पानांचा, मी मनात म्हटलं झालं, आणलंन काहीतरी दर्यातलं. तर म्हणाली, आई, तुमचा श्रावण हाय ना, म्हावरं नाय आणलं, अळंबी आणलीय, नेऱ्याकडनं, हे बोलले तुमाला लय आवडते. आता ते खरं आहे. सत्यजीतनेच सांगितलं असणार. मी माझ्या आईकडे खाल्ली, सासूबाईंच्या हातची खाल्ली, डोंगराखालच्या बायका पानांत बांधून घेऊन बसतात रस्त्याला, वर्षातून तेवढेच थोडे दिवस, मी पहिला पुडा कधी सोडलेला नाही. चातुर्मासात कांदा नसतो आमच्याकडे, लसूण नसते, वांगं नसतं, पण अळंबी असायची. मुलगी नेऱ्यापर्यंत गेली त्यासाठी, उरणहून, पावसातून. आणि निवडून, धुऊन आणलेली — तुम्ही कधी अळंबी धुतली नसेल, देठाला माती धरून बसते, एकेक हातात घेऊन करावं लागतं, जोरात धुतली की मोडते. एक कण नव्हता मातीचा. मी ती कढईत टाकायला उचलली होती, हातात होती माझ्या.

आणि ह्यांना तेव्हाच बुद्धी सुचावी. पानावर बसलेत, समोर सून, शेजारी मुलगा, आणि हे झेरॉक्स वाचून दाखवल्यासारखे सुरू झाले. म्हणे, शशिकला, तुला एक गंमत सांगतो, कोळंबीचं कवच ज्या पदार्थाचं असतं तोच पदार्थ अळंबीच्या अंगात असतो. म्हणे, झाडांसारखं पीठ करून ती साठवत नाही, आपल्या यकृतात साठतं तसलंच साठवते. म्हणे, स्वतः शिजवून खात नाही, दुसऱ्याचं आयतं खाते, प्राण्यांसारखी. म्हणे, पालक तुझा लांबचा आणि ही तुझी जवळची, आणि जवळचीला तू इतकी वर्षं चवीने खातेस, तर मग ह्या स्वयंपाकघराचा एवढा काय बडेजाव? इतके हसत होते. सुनेसाठी वकिली चालली होती, मला कळत नव्हतं असं नाही. ह्यांचा हिशेब असा, की बायकोला एकदा पटलं अळंबी आणि कोळंबी एका फांदीवरची, की ती म्हणेल, बरं तर, येऊ दे कोळंबी आत. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून हा हिशेब. मी काय केलं? कोळंबी आत नाही घेतली. अळंबी बाहेर काढली.

हो. तिथल्या तिथे. म्हटलं, असं असेल तर आजपासून हीसुद्धा बंद. पानांसकट उचलली आणि परसात केळीच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. जेवण झालं नीट, वरण-भात, अळू, सगळं होतं, मी वाढलं, ती जेवली, उठताना ताट स्वतः उचललं, आणि जाताना नमस्कार केला. म्हणाली, आई, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मलाही नव्हतं. खरंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. पुन्हा काही आली नाही ती. आणि मग हे वर आले ते गेरू घेऊन. संध्याकाळपर्यंत आवाज नाही, मी म्हटलं झोपलेत. वर येऊन बघते तर ही भिंत.

बरं, मी हट्टी म्हणाल, तर मी शास्त्रही विचारलं. गुरुजींना म्हटलं, अळंबी इतकी वर्षं पोटात गेली, आता कळतंय ती अशी, तर प्रायश्चित्त काय? त्यांनी शांतपणे सांगितलं की शास्त्रात छत्राक पहिल्यापासूनच वर्ज्य आहे, कांदा-लसणीच्या पंगतीत, तुम्हाला माहीत नव्हतं का? घ्या. म्हणजे माझी आई, माझी सासू, सगळ्यांनी बिनदिक्कत खाल्लं ते. कधी नाही ते ह्यांचं सायन्स आणि गुरुजींचं शास्त्र एका गोष्टीवर एकत्र आलं, आणि ती गोष्ट नेमकी माझ्या आवडीची. तुम्हाला सांगते, मंद आचेवर तिचं तिलाच पाणी सुटू द्यायचं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, दोन कोकमं, बाकी काही नको. आणि कोमलने आणली होती ती तर इतकी कोवळी, दाताखाली आली की नुसती — म्हणजे असणार. दिसण्यावरून कळतं. — मग? केळीखाली दुपारभर राहिली तर गुरं खातात, म्हणून मी ती उचलून आणली. सगळे गेल्यावर. ह्यांना हे ठाऊक नाही, आणि तुम्ही काही त्यांच्याशी बोलणार नाही आहात.

खोली का देतेय म्हणता? हं. विचारायलाच हवं तुम्ही, राहायचंय तुम्हाला. तर असं आहे, की तिला आता दिवस गेलेत, भाद्रपदात होईल. आणि पाय सुजलेत, रक्तदाब वाढलाय, इथल्याच डॉक्टरीण बाईंकडे येते ती तपासायला, त्या म्हणाल्या शेवटचा महिना पनवेलातच राहा, पावसात उरणच्या रस्त्याचा भरवसा नाही. नारळी पौर्णिमा झाली की कमळाकर बोट घेऊन जाणार, सत्यजीतची रात्रपाळी, घरात ती आणि म्हातारी गंगाबाई. म्हातारीला तर रात्री दिसतसुद्धा नाही. म्हणून ह्यांचं चाललंय की तिला वरच्या खोलीत आणू. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आपली पद्धत आहे. हे म्हणाले, तिला आई नाही. मी म्हटलं, त्याला मी काय करू? — बोलतं माणूस. हे उठून गेले. त्याच दिवशी मी गुरुजींना सांगितलं, भाडेकरू बघा, चांगला शाकाहारी. एकदा भाडेकरू आला की विषय मिटला, खोलीच नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार.

पण ह्यांचं तिकडे जाणं चालूच आहे. पेन्शनच्या कामाला म्हणून एसटी पकडतात, पेन्शनचं ऑफिस उरणला कधी गेलं कोण जाणे. येताना बडीशेप चघळत येतात. मी इतकी वर्षं संसार केलाय ह्यांच्याबरोबर, बडीशेपेच्या मागे काय असतं ते मला कळतं. मी बोलत नाही. पिशवीत लिंबाचं लोणचं ठेवते, उपासाचं, गोड — ह्यांच्यासाठी, प्रवासात तोंडाला चव. ते खात नाहीत लिंबाचं, दात आंबतात. पण बरणी रिकामी येते. आणि येते ती कशी, घासून, उन्हात वाळवून, झाकणाच्या आट्यांतसुद्धा काही नाही. मी वास घेऊन बघते ना दरवेळी. कसलाही वास नाही. मासळीच्या घरातून येते बरणी, आणि माझ्या शेजारणीकडून परत आलेल्या भांड्याला फोडणीचा वास असतो. मागच्या वेळी आत चार पानं होती, सागाची, कोवळी, नुसती घडी करून ठेवलेली. पुडा नाही, काही नाही. मोसम सुरू झाला एवढंच मला कळावं म्हणून असेल. नाहीतर चुकून राहिली असतील, कोण जाणे. मी ठेवलीत ती.

तुम्ही खाता का हो अळंबी? — कधीच नाही? बरोबर, तुमच्याकडे घाटावर कमी. — शी? शी काय म्हणालात? नाही, आवडत नाही तर नाही म्हणावं, शी कशाला म्हणायचं, चांगल्या घरांतून खातात ती. — हो, भिंतीचं काढीन म्हणाले ना मी, चुना. — दोन हात कशाला? — गोमूत्र? भिंतीला? अळंबीचं चित्र आहे म्हणून, का कोळंबीचं आहे म्हणून? — अच्छा. — अच्छा, ते विचारताय. त्या लोकांचं येणं-जाणं असतं का. कोणत्या लोकांचं म्हणता? स्पष्ट बोला, मीही स्पष्टच बोलतेय मघापासून. — माझ्या सुनेचं. — नाही, येणं-जाणं नाही. नसतं. वर्ष झालं. तुम्हाला त्याने बरं वाटलं, दिसतंय मला तोंडावर. मलाही वाटायचं इतके दिवस, की ह्याने बरं वाटतं.

पण हे तुम्ही बोलायचं नाही. मी बोलले ते माझ्या घरातलं आहे, माझ्या मुलाची बायको आहे ती, आणि पावसातून नेऱ्यापर्यंत गेली होती. तुम्ही कोण? दारातून आत येऊन अर्धा तास नाही झाला आणि माझ्या घरात कोणी यायचं ते तुम्ही ठरवताय. तिला आई नाही, म्हातारीला दिसत नाही, उद्या रात्री पोटात दुखायला लागलं तर तो रस्ता तुम्ही बघितलाय का पावसात? मी बघितलाय. मला झोप नाही येत, म्हणून सांगते. — नाही, रागावले नाही. राग कशाचा, तुम्ही सज्जन आहात, गुरुजींनी म्हटलंय तसेच आहात, मला हवा होता अगदी तसा माणूस पाठवलाय त्यांनी. समोर बसलेला बघितला आणि कळलं.

उठा आता. खोली द्यायची नाही. — नाही, भाड्याचा प्रश्न नाही. कॉट बदलायला लागेल, हिचे पाय उंच आहेत, कोमलला चढायला जमायचं नाही, आणि जिनाही — नाही, वरची खोली नकोच, खालची माझीच देते, मी येते इथे वर ह्या बेडकाशेजारी झोपायला. ते माझं मी बघेन. तुमची छत्री घ्या. आणि हे बघा, खाली ते विचारतील, आत्ता नक्की विचारतील, तर त्यांना सांगा की खोली तुम्हाला पसंत पडली नाही. ओल आहे म्हणा, नळ लांब आहे म्हणा, काहीही सांगा. मी नाही म्हटलं असं सांगू नका. नाहीतर त्यांना वाटेल मला त्यांचं झाड पटलं, आणि मग जन्मभर ऐकावं लागेल. — जपून, तिसरी पायरी हलते.